कॅप्टन वझलवार यांची जागा

१४ मार्च २००७, बुधवार

आज रेजला पोचवून आलो. रेज पोलार्ड म्हणजे टेरिटोरियल आर्मीतला, म्हणजे टी.ए. या शनिवार-रविवारच्या राखीव दलातला माझा सार्जंट. माझ्या हातची करी चौदा वर्षं खाऊन, दर वेळी "टू माइल्ड, वॉझ" म्हणणारा माझ्या माहितीतला एकमेव इंग्रज. वझलवार हे आडनाव त्याच्या जिभेला पेलायचं नाही, म्हणून वॉझ.

मेडनहेडच्या पलीकडे हॉक्सली नावाचं गाव आहे, तिथल्या मिलिटरी सिमेट्रीत त्याला ठेवलं. ठेवलं म्हणजे राखच. दहन आधीच झालं होतं, आज फक्त वीतभर खड्डा, त्यात डबी, वर माती. पण काय थाट! सगळे दगड एका उंचीचे, एका रेषेत. गवत असं कापलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. बिगुल वाजला तेव्हा कावळेसुद्धा गप्प बसले.

मला राहून राहून गेल्या महिन्यातली आमच्या ओळखीच्या देशमुखांची अंत्ययात्रा आठवत होती. क्रिमेटोरियमच्या दारात पुढच्या पार्टीच्या गाड्या हॉर्न न वाजवता पण हॉर्न वाजवल्यासारख्या उभ्या. आत भटजींचा मंत्र अर्धवट असतानाच पडदा सरकला. देशमुख जन्मभर वेळ पाळत आले आणि शेवटी त्यांनाच घाई केली.

मी एकोणसत्तर वर्षांचा झालो. नागपूरचं घर धाकट्या भावाने विकलं. इथलं हॅरोचं घर आमच्या मागे आमची लेक आसावरी विकेल, विकायलाच हवं. मग माझं नाव कुठे राहणार? कुणीतरी अनोळखी माणूस कुत्रं फिरवता फिरवता दगडापाशी थांबतोय आणि 'वझलवार' वाचायचा प्रयत्न करतोय, असं चित्र आज डोळ्यांसमोर आलं आणि मला फार बरं वाटलं.

ठरलं. मला हॉक्सलीत जागा हवी.

१५ मार्च

सकाळच्या चहाला श्यामलाच्या कानावर घातलं.

"आपल्यात पुरत नाहीत," ती म्हणाली.

"अगं, राख पुरायची."

"राखेला कशाला हवी कवायत?"

हिला लष्करी शिस्तीचं महत्त्व कधी कळलं नाही. तशी तीही काही वर्षं टी.ए.त जायची, मीच १९८४ साली घातलं होतं. माझी कंपनी शनिवार-रविवारी गेली की ही घरी एकटी धुसफुसायची, म्हटलं हिलाही विरंगुळा. पण तिचं म्हणजे हॉस्पिटल युनिट. सोमवार ते शुक्रवार एन.एच.एस.मध्ये सिस्टर, वीकेण्डला तंबूत सिस्टर. नर्सेसना तिथे आल्याआल्या लेफ्टनंट करतात, ती एक सवलत आहे. मी चौदा वर्षं दोनशे माणसांचा स्वयंपाक करून लान्स कॉर्पोरल, म्हणजे शिपायाच्या वरची पहिली पायरी, झालो, त्याला म्हणतात सैन्य.

"मी आपलं थेम्सचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "दोघांचं. आसावरीच्या घरामागून वाहते. जाता-येता तिला दिसलो असतो."

मला न विचारता माझी विल्हेवाट लावून मोकळी! पण हिच्याशी वाद घालून उपयोग नाही. चाळीस वर्षांपूर्वी हिने पलंगाची खिडकीकडची बाजू घेतली ती घेतली. सकाळचं कोवळं ऊन तिच्या अंगावर आणि बाहेरच्या भिंतीचा गारठा माझ्या पाठीला.

२४ मार्च, शनिवार

स्लाऊच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा पाडवा. पाडवा सोमवारीच होऊन गेला, पण आमचे सगळे सण शनिवारी येतात.

रवी फडणीसला माझा बेत सांगितला. रवी म्हणजे हॅरोतला माझा सगळ्यात जुना मित्र, त्यामुळे विरोध करण्याचा पहिला हक्क त्याचा.

"अस्थी वाहत्या पाण्यात जातात, मुकुंदा. कुंडीत नाही."

म्हटलं शास्त्रार्थ होऊनच जाऊ दे. सुश्रुतगुरुजींना गाठलं. आमचे गुरुजी वयाने तिशीतले, आठवडाभर स्लाऊच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवारी सत्यनारायण. त्यांनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून विचार केला.

"काका, टेक्निकली स्प्लिट करता येतात. थोड्या नदीत, थोड्या जमिनीत. मी ऑलरेडी दोन केसेस तशा केल्यात."

"बघ!" मी रवीला म्हटलं.

"पण तुला घेणार आहेत का ते?" रवीने विचारलं. "तू बटाटे सोलत होतास."

उपाशी सैन्य लढत नाही, हे या जन्मी रवीसारख्या अकाउंटंटला कोण समजावणार? मी जिलबी घेतली आणि उठलो.

३ एप्रिल

हॉक्सलीला फोन केला. मिसेस हार्डी नावाच्या बाईंनी फार गोड आवाजात नियम सांगितला. पूर्णवेळ सैनिक असेल तर प्रश्न नाही. राखीव दलातला, म्हणजे टेरिटोरियल असेल, तर त्याला कधीतरी प्रत्यक्ष लढाईच्या कामावर बोलावून घेतलेलं पाहिजे. वीकेण्डची कवायत आणि वर्षातला पंधरा दिवसांचा कॅम्प धरत नाहीत. जागा मिळाली तर नवरा किंवा बायको त्याच जागेत चालते.

"म्हणजे चौदा वर्षं मोजायचीच नाहीत?"

"आय अ‍ॅम सो सॉरी, मिस्टर वॉझल..." बाई अर्ध्यातच थांबल्या.

मी संतापलो. शनिवार-रविवारी केलेलं धरत नाहीत? मग आमच्या गुरुजींनी शनिवारी घातलेला सत्यनारायणही देवाने धरायला नको! प्रसाद परत करायचा का सगळ्यांनी?

श्यामला सांबार निवडत होती. (आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ही पुण्याची असूनही चाळीस वर्षांत माझ्याकडून एवढं शिकली.) सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "म्हणजे लढाईला बोलावून घेतलेलं असलं, की चालतं?"

"हो. तेवढंच तर म्हणतायत."

"अस्सं," ती म्हणाली आणि पुढची जुडी घेतली. नवऱ्याचं सगळं आयुष्य एका फोनवर रद्द झालं आणि ही म्हणते अस्सं.

७ एप्रिल

दोन दिवस आठवतोय, मला कधी बोलावलं होतं का. १९८२ साली फॉकलंडच्या लढाईच्या वेळी मी बूट चकाकवून, बॅग भरून दाराशी ठेवली होती. महिनाभर वाट पाहिली. शेवटी श्यामलाने त्या बॅगेत आसावरीच्या शाळेच्या ट्रिपचे डबे भरले.

१९९१ च्या आखाती युद्धात कदाचित संधी मिळाली असती. पण मी टी.ए. सोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि तसंही मला घर सोडता आलं नसतं. श्यामला तिकडे आखातातच होती ना तीन महिने, हॉस्पिटलच्या कामावर. आसावरीची परीक्षा तोंडावर. पोरीचे डबे, पोरीचे केस, पोरीचं रडणं, सगळं माझ्यावर. लढाई माझ्या हातून निसटली ती अशी, घरच्या जबाबदारीमुळे.

१८ एप्रिल, बुधवार

प्रत्यक्ष भेटलेलं बरं म्हणून हॉक्सलीला गेलो. माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा आहे, म्हणून गाडी श्यामलाने चालवली. मी ब्लेझर घातला, त्यावर माझं टेरिटोरियल मेडल. बारा वर्षं निष्ठेने सेवा केल्याबद्दल हे देतात. रवी त्याला हजेरीचं बक्षीस म्हणतो.

मिसेस हार्डी पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. मी सविस्तर सांगितलं. १९७९ चा जर्मनीतला कॅम्प, वादळात मेसचा तंबू उडाला तेव्हा मी एका हाताने खांब आणि दुसऱ्या हाताने डाळीचं पातेलं कसं धरलं होतं, वगैरे. बाईंनी बिस्किटं पुढे केली आणि मान हलवली. नियम तो नियम.

मग त्या उगाच श्यामलाकडे वळल्या. "आणि तुम्ही, माय डिअर? तुम्ही काय करत होता?"

श्यामला म्हणाली, नर्स होते. मग काय, दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. बाई कुठे, कधी, कुणी पाठवलं, असं विचारत बसल्या, चष्मा लावून काहीतरी लिहूनही घेत होत्या. मला अशा वेळी बायकांच्या मध्ये बोलायला आवडत नाही. मी बाहेर जाऊन रेजचा दगड पाहून आलो. परत येतो तर बाई चक्क उभ्या राहून श्यामलाशी बोलत होत्या आणि आम्ही निघालो तेव्हा पार्किंगपर्यंत सोडायला आल्या. मला वाटतं, मला नकार दिल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

येताना मी विचारलं, काय बोलत होतात एवढं?

"जुनंच काहीतरी," ती म्हणाली.

२ मे

विजय! संपूर्ण विजय!

दुपारी फोन वाजला. हॉक्सलीच्या कचेरीचे कुणी मेजर बोलत होते, भारदस्त आवाज.

"मी कॅप्टन वझलवार यांच्या घरी बोलतोय का?"

मी खुर्चीवरून उठलो. कॅप्टन! क्षणभर मला कळेना. मग लख्ख प्रकाश पडला. यांनी जुनी कागदपत्रं उघडली असणार आणि माझ्यावर झालेला अन्याय त्यांच्या लक्षात आला असणार. चौदा वर्षं माणसाला लान्स कॉर्पोरलवर ठेवलं, आता शेवटच्या जागेच्या वेळी तरी काही भरपाई!

"बोलतोय," मी म्हणालो.

मेजर म्हणाले, कॅप्टन एस. वझलवार यांची जागा मंजूर झाली आहे, तुम्ही आमच्याकडे येणार हा आमचा सन्मान आहे. (एस. काय, एम. काय. माझं इनिशियल इंग्रजांना आयुष्यात जमलं नाही.) जोडीदारालाही अर्थातच त्याच जागेत येता येईल.

"माझ्या जोडीदाराच्या वतीने मी आभार मानतो," मी म्हटलं. मोठेपणा दाखवायची वेळ आली की कमी पडू नये.

श्यामला पोळ्या लाटत होती. मी तिला दारातूनच ऑर्डर दिल्यासारखं सांगितलं, "कॅप्टन वझलवार यांची जागा मंजूर!"

लाटणं थांबलं. ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, आता रडते.

"कॅप्टन म्हणाले?"

"कॅप्टन! आता बोल!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणालो. आणखी काय म्हणणार?"

मग म्हणाली, "अहो, जरा विचार करून बघा. असं कसं झालं असेल?"

"मेहनतीचं फळ," मी म्हटलं. तव्यावरची पोळी करपली. हिची पोळी करपलेली मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

१२ मे, शनिवार

मंडळात बातमी पसरली, म्हणजे मीच पसरवली. रवी म्हणाला, "म्हातारपणी बढती? आणि तीसुद्धा मेल्यावर राहायला जायची?" मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, मी आधीच पाहून आलोय, हे त्याला सहन होत नाही.

उल्का मात्र गुणी पोरगी. ती मंडळाची सेक्रेटरी, मुंबईची, बँकेत आहे. ती म्हणाली, "काका, हे सुपर्ब आहे! जूनच्या प्रोग्रॅमला आपण तुमची मुलाखत ठेवू या. आपला माणूस ब्रिटिश आर्मीत कॅप्टन, नव्या पिढीला कळायला नको?"

पोस्टरही लगेच करून पाठवलं. 'कॅप्टन वझलवार यांच्याशी गप्पा'. पूर्ण नाव टाकलं असतं, पण मग खाली 'मसालेभात, भरली वांगी, जिलबी' मावेना. मी म्हटलं, असू दे, मसालेभाताशिवाय लोक येणार नाहीत.

श्यामलाने पोस्टर नीट वाचलं. "छान आहे," म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावलं. मुलाखतीत काय सांगायचं म्हणून मी विचारलं, तर म्हणते, "जे घडलं ते सांगावं."

२१ मे

मेजरांचा पुन्हा फोन. नोंदीसाठी एक तारीख पक्की करायची होती.

"कॅप्टन, तुम्ही जुबेलच्या फील्ड हॉस्पिटलात फेब्रुवारीत रुजू झालात की जानेवारीत?"

"मी?" मी म्हटलं. "मी जन्मात आखातात गेलो नाही. ती माझी बायको."

"मग सर," मेजर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आपण कोण?"

"मी स्पाउस," मी म्हटलं.

२२ मे

काल रात्री जेवण गेलं नाही. आज आसावरीला फोन केला. मेडनहेडला असते, सॉलिसिटर आहे. म्हटलं, निदान पोरगी तरी धक्क्यात सामील होईल.

"बाबा, सीरियसली? तुला माहीतच नव्हता?"

"काय माहीत नव्हतं?"

"आई वॉरमध्ये गेली होती! मी सोळा वर्षाचा होते, न्यूज बघून रोज रडायची. तू मला रोज सेम मऊभात द्यायचा. तुला काय वाटला, ती हॉलिडेवर गेली?"

"मला वाटलं हॉस्पिटलात गेली."

"हॉस्पिटल कुठे होता, बाबा?"

इंग्लंडात वाढलेली पोर, मराठीत लिंगाचा पत्ता नाही, पण प्रश्न बरोबर जागी घातला.

श्यामलाला विचारलं, तू कॅप्टन कधी झालीस? म्हणाली, परत आल्यावर त्या उन्हाळ्यात. सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगायला आले होते. तुमचा फॉकलंडचा किस्सा चालू होता."

भिंतीवरच्या पोस्टरकडे बघून म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

२७ मे, रविवार

आज सरळ विषय काढला. म्हटलं, हे बघ, झालं ते झालं. जागा तर मंजूर आहे. तू तिथे, मी तुझ्या बरोबर. प्रश्न मिटला.

"पण मला जायचंच नाही तिथे," श्यामला म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तिला गवताचं सांगितलं. बिगुलाचं सांगितलं. कावळ्यांचंही सांगितलं. ती म्हणाली, "जन्मभर वॉर्डात खाटांच्या रांगा पाहिल्या. तिकडे वाळूतही रांगाच. मेल्यावर पुन्हा रांगेत कशाला? मला पाणी बरं." आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

म्हणजे आता माझी जागा हिच्या हातात. ती आली तर मी, ती नाही तर मी पुन्हा वीकेण्डवाला. आणि हिला आग्रह कोणत्या तोंडाने करू? सोळा वर्षांत मी हिला एकदाही विचारलं नाही, तिकडे काय झालं. मला आठवतं, एअरपोर्टवरून घरी येताना मी तिला गॅसचं बिल आणि आसावरीच्या गणिताबद्दल सांगत होतो. ती बाहेर बघत होती. मला वाटलं, दमली असेल.

आज लाज वाटली. जागेचं विसरून नुसती लाज वाटली.

संध्याकाळी उल्काचा फोन: "काका, सत्तर जण येतायत!" मी म्हटलं, "कार्यक्रम होईल. पोस्टर बदलायची गरज नाही. फक्त खुर्च्यांची अदलाबदल करावी लागेल." मग श्यामलाकडे गेलो आणि बाकी काही न बोलता विचारलं, "माझ्याशी बोलशील का? सगळ्यांसमोर नको असेल तर इथेच." तिने हातातली झारी खाली ठेवली. म्हणाली, "इथे तुम्ही मध्येच बोलाल. तिथे लोकांसमोर गप्प बसाल."

९ जून, शनिवार

मुलाखत झाली. जमेल तसं लिहून ठेवतो.

स्टेजवर दोन खुर्च्या. मी मुलाखत घेणारा. तिने मोतिया रंगाची साडी नेसली आणि पदरावर मेडल लावलं, आखाताचं. इतकी वर्षं ते फ्यूजच्या तारा आणि सेलोटेपच्या खणात होतं, आज सकाळी मी ब्रासोने पुसून दिलं. पहिल्या रांगेत आसावरी, तिच्या शेजारी रवी हाताची घडी घालून.

मी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे पोचल्यावर पहिल्यांदा काय पाहिलंस?" आणि त्याचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. माझा आवाज फुटला. लोकांना वाटलं माइक.

ती सांगत गेली. वाळूतले तंबू. शेकडो जखमी येणार म्हणून मांडून ठेवलेल्या रिकाम्या खाटा आणि ते वाट बघणं. सायरन झाला की मास्क चढवायचा आणि मास्कच्या आत आपलाच श्वास ऐकत बसायचं. "मग आले," ती म्हणाली, "पण आपले थोडेच. बाकी सगळे इराकी कैदी. पाय सुजलेले, आठवडा-आठवडा न जेवलेले. त्यातले काही तर आजोबा होते हो, त्यांना कुणी धरून आणलं होतं लढाईला."

"मग?"

"मेसवाल्यांनी त्यांना टोमॅटोतले बीन्स दिले. पोटात राहीना. मी मेसमध्ये गेले, म्हटलं मला मोठं पातेलं द्या आणि तांदूळ द्या. तो कुक म्हणाला, मॅम, दोनशे माणसांचा भात एकदम कसा लावणार, तळ लागेल." ती थांबली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं, मला येतो. आधी पाणी उकळून घ्यायचं, तांदूळ मागून, ढवळायचं नाही, उतरवून ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं. आमच्या घरी एक माणूस आहे, तो चौदा वर्षं दर रविवारी संध्याकाळी हेच सांगायचा. कंटाळून पाठ झालं होतं."

हॉल हसला.

"तळ लागला नाही," ती म्हणाली. "मीठ आणि थोडं तूप, म्हणजे बटर. एका म्हाताऱ्याने वाडगं चाटून पुसून परत दिलं आणि माझा हात कपाळाला लावला. त्या रात्री मला घरची फार आठवण आली."

पुढचा प्रश्न कागदावर लिहिलेला होता, पण मला अक्षरं दिसेनात. मोतीबिंदू आहे. मी नुसतं विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. तेही अगदी साधेपणाने, मीठ कुठेय असं सांगावं तसं. मग लोकांकडे वळून म्हणाली, "चला, मसालेभात गार होतोय."

रवी नंतर ताट घेऊन माझ्याजवळ आला. मला वाटलं आता टोमणा येणार. म्हणाला, "बटाटे सोलणाऱ्याचा भात युद्धावर गेला की रे," आणि स्वतःच्या ताटातली जिलबी माझ्या ताटात ठेवली. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याने मला दिलेली ही पहिली वस्तू.

१० जून, रविवार

सकाळी चहा मी केला. श्यामलाने एक घोट घेतला, आणखी साखर घातली, पण संपवला.

मी म्हटलं, थेम्स ठरलं. आसावरीच्या घरामागेच. मी गुरुजींना सांगतो. दगडबिगड काही नको मला. हे मी खरंच मनापासून म्हटलं आणि म्हणून लिहून ठेवतो, कारण एरवी मी मनापासून काय म्हणतो यावर कुणाचा भरवसा नसतो.

तिने कप ठेवला. "गाडी काढते," म्हणाली.

"कुठे?"

"जागा तर बघू या. न बघता नाही कशी म्हणू?"

हॉक्सलीला मेजर स्वतः आले होते, रविवार असून. श्यामलाशी हस्तांदोलन केलं, "मॅम" म्हणाले, मग मला "आणि आपण..." म्हणून थांबले. मी म्हटलं, "स्पाउस." त्यांना आवाज ओळखता आला असावा, पण सभ्य माणूस, हसला नाही.

जागा एका टोकाला आहे, दगडी कंपाउंडच्या भिंतीलगत. रांगेत असून नसल्यासारखी. पलीकडे शेत, त्यात मेंढ्या. मेजर म्हणाले, दगडावर वर कॅप्टनचं नाव येईल आणि खाली पतीचं. मी विचारलं, पतीच्या नावामागे लान्स कॉर्पोरल लावता येईल का? म्हणाले, नियमात बसत नाही. श्यामला म्हणाली, "मग खाली एक ओळ 'स्वयंपाकी' म्हणून घाला. त्याशिवाय मी येणार नाही." मेजरांनी भुवई उंचावली, मग डायरीत टिपून घेतलं. ऑफिसरचा शब्द.

म्हणजे ती येणार. मी तिच्याकडे पाहिलं.

"थोड्या इथे, थोड्या थेम्समध्ये," ती म्हणाली. "गुरुजी स्प्लिट करतात ना?"

मग ती त्या वीतभर जागेच्या भोवती फिरली, आकाशाकडे पाहिलं, कपाळावर हात धरून ऊन कुठून येतंय ते नीट बघून घेतलं. शेताकडच्या अंगाला उभी राहिली.

"ही बाजू माझी," म्हणाली.

"अगं, राखेला कसली बाजू?"

"ते मला माहीत नाही. ऊन येतं ती माझी."

उरली ती भिंतीकडची. मी हात लावून पाहिला, जूनमध्येही गार होती. चालेल, सवय आहे.